मूलपेशी राहणार कुठे?

मूलपेशींविषयीच्या बातम्या आपल्या देशात दोन वाटांनी येतात. पहिली वाट संशोधनसंस्थांमधून येते. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेल्लोरच्या संशोधकांनी तीव्र हिमोफिलिया असलेल्या ५ रुग्णांच्या स्वतःच्याच रक्तमूलपेशींत रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे जनुक घातले, त्या पेशी त्यांना परत दिल्या आणि त्यांचे वारंवार होणारे रक्तस्राव थांबले. ही त्या वाटेने आलेली बातमी होती. दुसरी वाट जाहिरातीची आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मधुमेह, गुडघेदुखी, पार्किन्सन, मज्जारज्जूची इजा अशी आजारांची लांबलचक यादी तिथे असते आणि तिच्याखाली एकच उत्तर असते : मूलपेशी टोचून घ्या. दोन्ही वाटांवर शब्द तोच असल्यामुळे वाचकाचा गोंधळ होतो. पहिल्या बातमीने कमावलेला विश्वास दुसरी बातमी परस्पर खर्च करते.

या दोन्हींमधला फरक ओळखण्याची एक कसोटी विज्ञानानेच आपल्या हाती दिली आहे आणि ती समजायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. ‘ही पेशी शरीरात गेल्यावर राहणार कुठे आणि तिचे शेजारी कोण असणार?’ एवढा एकच प्रश्न विचारायचा. गेल्या सहा दशकांतील मूलपेशी-संशोधनाचे सार मला याच प्रश्नात दिसते. मूलपेशीचे मूलपेशीपण तिच्या एकटीच्या अंगचा गुण नसतो. ती आणि तिच्या भोवतालच्या पेशी यांच्यातील नात्यातून तो निर्माण होतो. पाठ्यपुस्तके ही गोष्ट शेवटच्या परिच्छेदात सांगतात. माझ्या मते ती पहिल्या परिच्छेदात यायला हवी.

आधी व्याख्या. मूलपेशी म्हणजे दोन कामे करू शकणारी पेशी. ती विभागून स्वतःसारखी पेशी निर्माण करते, म्हणजे स्वतःचे नूतनीकरण करते. शिवाय रक्त, त्वचा, आतडे यांच्या विशिष्ट कामाच्या पेशींना जन्म देते. आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या रक्तपेशी तयार होतात. त्यांचा उगम अखेर अस्थिमज्जेतील तुलनेने थोड्या मूलपेशींपाशी पोहोचतो. हा साठा जन्मभर पुरायचा असेल तर तोल सांभाळावा लागतो. सगळ्या मूलपेशी कामाला लागल्या तर भांडवल संपेल आणि सगळ्या नुसत्याच स्वतःच्या प्रती काढत बसल्या तर रक्त तयार होणार नाही. हा तोल कोण राखते? पेशीने स्वतःच मोजमाप ठेवावे, हे सुचायला सोपे उत्तर आहे. ते अपुरे आहे, हे उंदरांच्या दोन जातींनी दाखवून दिले.

१९६१ मध्ये टोरांटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी रक्तमूलपेशींचे अस्तित्व प्रथम प्रयोगाने मोजले. टिल भौतिकशास्त्रज्ञ होते, मॅकलॉक वैद्य. किरणोत्सर्गाने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना त्यांनी निरोगी मज्जेतील पेशी दिल्या. प्लीहेवर लहान गाठी उगवल्या आणि प्रत्येक गाठ एकेका पेशीपासून वाढली असल्याचे पुढे सिद्ध झाले. त्याच दशकाच्या मध्यावर त्यांच्या गटाने जन्मजात रक्तक्षय असलेल्या उंदरांच्या दोन जाती तपासल्या. बाहेरून पाहता आजार सारखाच होता. पहिल्या जातीला निरोगी मज्जा दिली की तिचा रक्तक्षय बरा होई. दुसऱ्या जातीला तीच निरोगी मज्जा दिली तरी काहीच फरक पडत नसे. याहून नवलाची गोष्ट अशी की या दुसऱ्या, आजारी जातीची मज्जा पहिल्या जातीच्या शरीरात घातली तर ती तिथे उत्तम काम करी.

याचा अर्थ उघड आहे. पहिल्या जातीत पेशी सदोष होती. दुसरीत पेशी निर्दोष होती, पण ती जिथे राहत होती ते घर सदोष होते. दोन दशकांनंतर, १९८८ ते १९९० या काळात, या दोषांची जनुके सापडली तेव्हा कोडे पुरते उलगडले. पहिल्या जातीच्या मूलपेशीवर एक संदेशग्राही प्रथिन नीट नव्हते. दुसऱ्या जातीत त्या ग्राहीला जुळणारा संदेश भोवतालच्या पेशी देत नव्हत्या. एकीकडे ऐकणारा बहिरा, दुसरीकडे बोलणारा मुका. चांगल्या पेशी वाईट घरात सोडल्या तर त्या उपयोगी पडत नाहीत, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे प्रयोग विज्ञानात थोडे आहेत.

या विचाराला नाव मिळाले १९७८ मध्ये. मँचेस्टरचे रेमंड स्कोफील्ड यांनी असे सुचवले की मूलपेशी मज्जेत एका ठराविक जागी, ठराविक शेजाऱ्यांच्या सान्निध्यात असते, आणि तिथे आहे तोवरच ती मूलपेशी राहते. जागा सुटली की ती प्रौढ होऊ लागते. या जागेसाठी त्यांनी वापरलेल्या शब्दाला मराठीत घरगुती प्रतिशब्द आहे : कोनाडा. जुन्या घरांच्या भिंतीत दिव्यासाठी ठेवलेली ती पोकळी. कोनाडा दिवा पेटवत नाही, पण वाऱ्यापासून त्याची ज्योत राखतो. पेशींचा कोनाडा याहून बराच अधिक उद्योगी आहे. तो संदेश देतो, धरून ठेवतो, आवरतो, आणि वेळ आली की सोडूनही देतो.

स्कोफील्डची कल्पना तशी वीस वर्षे कल्पनाच राहिली, कारण मज्जेत डोकावून कोणती पेशी कोणाच्या शेजारी आहे हे पाहणे अवघड होते. पुरावा आला फळमाशीकडून. तिच्या अंडाशयातील प्रत्येक नलिकेच्या टोकाला अंडी निर्माण करणाऱ्या २ किंवा ३ मूलपेशी असतात आणि त्यांना टोपीसारख्या बसलेल्या थोड्या शेजारपेशी असतात. टिंग शिए आणि ॲलन स्प्रॅडलिंग यांनी १९९८ आणि २००० मधील संशोधनांत दाखवले की या शेजाऱ्यांकडून येणारा एक संदेश थांबला तर मूलपेशी टिकत नाहीत, प्रौढ होऊन निघून जातात. मूलपेशी विभागली की एक कन्यापेशी टोपीला चिकटून राहते, दुसरी एका पेशीच्या रुंदीइतकी दूर जाते. तेवढ्या अंतरावर संदेश क्षीण होतो, प्रौढ होण्याच्या जनुकावरचा अंकुश सुटतो आणि दुसरी पेशी अंडे होण्याच्या वाटेला लागते. दोघींचे जनुकसंचित एकच. फरक फक्त जागेचा.

आपल्याकडे एक म्हण आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. संगतीच्या वाईट परिणामासाठी आपण ती वापरतो, पण पेशींच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे. वाण म्हणजे जनुके. ती बदलत नाहीत. गुण मात्र शेजाऱ्यावरून ठरतो.

फळमाशीच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. एखादी मूलपेशी नाहीशी झाली, तर शेजारची मूलपेशी आपल्या विभाजनाची दिशा बदलून रिकामी जागा भरून काढते. २००४ मध्ये तर असे दिसले की प्रौढत्वाकडे निघालेल्या पेशीही योग्य परिस्थितीत मागे वळून पुन्हा मूलपेशी होऊ शकतात. म्हणजे कोनाडा टिकाऊ आहे, रहिवासी बदलते आहेत. ‘मूलपेशी’ हे एखाद्या पेशीचे कायमचे कुलनाम असण्यापेक्षा ते एक पद आहे, आणि पदावर कोण बसले आहे हे बदलत राहते, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

भौतिकशास्त्रातून या क्षेत्राकडे पाहणाऱ्या माझ्यासारख्याला सर्वाधिक भुरळ पडते ती आतड्यातल्या गोष्टीची. आतड्याचे अस्तर साधारण ३ ते ५ दिवसांत नवे होते. त्यासाठी अस्तरात सूक्ष्म खळगे असतात आणि उंदराच्या प्रत्येक खळग्याच्या तळाशी सुमारे १५ मूलपेशी असतात. त्यांच्यामध्ये पानेथ पेशी नावाच्या शेजारणी असतात, खालच्या संयोजी ऊतीतील पेशीही असतात, आणि त्या मिळून मूलपेशींना नूतनीकरणाचे संदेश पुरवतात. जागा मोजक्याच. एखाद्या मूलपेशीच्या दोन्ही कन्या मूलपेशीच राहिल्या, तर शेजारच्या कोणाला तरी तळ सोडून वर ढकलले जावे लागते. कोण जाणार हे बहुतांशी योगायोगाने ठरते.

२०१० मध्ये केंब्रिजचे बेन सायमन्स, जे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ आहेत, आणि त्यांचे सहकारी जीवशास्त्रज्ञ यांनी या पेशींना रंगीत खुणा करून त्यांच्या वंशांचा माग काढला. वंशांचे आकार काळानुसार जसे बदलले, ते यदृच्छ चालीच्या साध्या गणिताशी जुळले. सांख्यिकीय भौतिकीत ‘मतदार प्रतिमान’ नावाचे एक जुने गणित आहे : वर्तुळात बसलेला प्रत्येक जण अधूनमधून आपल्या शेजाऱ्याचे मत उचलतो आणि अखेर सगळ्यांचे मत एकच होते. उंदराच्या खळग्यात थोड्या महिन्यांत असेच होते. सगळ्या पेशी एकाच पूर्वजाच्या वंशज होतात. तो पूर्वज सर्वांत बलवान होता म्हणून जिंकला, असे नाही. कोणी तरी जिंकणारच होते. २०१३ मध्ये पुढच्या संशोधनाने दाखवले की कर्करोगाकडे नेणारा बदल झालेली पेशीसुद्धा या स्पर्धेत पुष्कळदा हरते आणि निरोगी शेजारणी तिला बाहेर ढकलून देतात. म्हणजे मर्यादित जागा आणि सतत बदलणारे शेजारी ही आपल्याला मिळालेली एक मूक सुरक्षाव्यवस्थाही आहे.

शेजार केवळ रासायनिक नसतो. २००६ मध्ये ॲडम एंगलर, शमिक सेन, ली स्वीनी आणि डेनिस डिशर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मज्जेतून घेतलेल्या पेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या मऊ पृष्ठभागांवर वाढवल्या, बाकी खाद्य तेच ठेवले. मेंदूइतक्या मऊ पृष्ठभागावर पेशी चेतापेशींची लक्षणे दाखवू लागल्या, स्नायूइतक्या कडकपणावर स्नायूंची, आणि त्याहून कडक पृष्ठभागावर हाडांची. या चौघांपैकी शमिक सेन आज मुंबईच्या आयआयटीत पेशींच्या यांत्रिकीवर संशोधन करतात. २०१० मध्ये हेलन ब्लाउ यांच्या गटाने हाच विचार नूतनीकरणाला लावला. स्नायूंच्या मूलपेशी नेहमीच्या प्लास्टिकच्या बशीत वाढवल्या की त्यांची स्वतःचे नूतनीकरण करण्याची क्षमता झपाट्याने ओसरते. १२ किलोपास्कल, म्हणजे खऱ्या स्नायूइतक्या कडकपणाच्या जेलवर ती टिकते. प्लास्टिक त्या जेलपेक्षा लाखपटीहून अधिक कडक असते. आपण वर्षानुवर्षे गादीवर निजणाऱ्याला दगडावर झोपवून त्याच्या झोपेचा अभ्यास करत होतो.

शेजाराची सीमा कुठे संपते, हेही सांगणे सोपे नाही. फळमाशीच्या अळीत रक्तपेशींच्या पूर्वजांना सांभाळणारा एक कोनाडा आहे. २००७ मध्ये उत्पल बॅनर्जी यांच्या गटातील लोलितिका मंडल यांच्या संशोधनाने तो स्पष्ट झाला. त्यांनी पुढे मोहालीच्या आयसरमध्ये आपली प्रयोगशाळा उभारली. त्याच परंपरेतील जिवोन शिम आणि तीना मुखर्जी यांनी २०१३ मध्ये दाखवले की अळीला वास येणे बंद केले तर हे पूर्वज टिकत नाहीत. अन्नाचा वास मेंदूतील चेतापेशींना जागा करतो, त्या एक रसायन रक्तात सोडतात, आणि ते रसायन पूर्वजपेशींना धरून ठेवते. तीना मुखर्जी यांची प्रयोगशाळा आज बंगळूरच्या इनस्टेम संस्थेत आहे. रक्ताची राखण नाकाने करावी, हे एखाद्या कथेतले वाटेल, पण ते मोजलेले आहे.

आता रुग्णालयात येऊ. मूलपेशी-उपचारांतील सर्वांत जुना आणि सर्वांत सिद्ध उपचार म्हणजे मज्जारोपण. भारतात ते १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरू झाले. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शिरेतून सोडल्या जातात आणि त्या आपली वाट शोधत मज्जेत पोहोचतात. ही जादू नाही. मज्जेतील रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशी एक आकर्षक प्रथिन स्रवतात आणि मूलपेशींवर त्याचा ग्राही असतो. कोनाडा बोलावतो, पेशी जाते. पण निरोगी मज्जेत रिकामे कोनाडे फार थोडे असतात. म्हणून रोपणापूर्वी रुग्णाला तीव्र औषधे किंवा किरणोत्सर्ग देतात. त्याने रोग मारला जातो, प्रतिकारशक्ती दबते आणि नव्या रहिवाशांना जागाही मोकळी होते. वेल्लोरच्या रुग्णांनाही सुधारलेल्या पेशी परत देण्यापूर्वी या पायरीतून जावे लागले.

दात्याकडून पेशी मिळवण्याची पद्धतही कोनाड्याच्या ज्ञानाने बदलली. पूर्वी कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढावी लागे. आज बहुतेक वेळा काही दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशींना कोनाड्यातून रक्तात आणले जाते आणि तिथून त्या गाळून घेतल्या जातात. २००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले प्लेरिक्साफोर हे औषध नेमके त्या आकर्षक प्रथिनाचा ग्राही अडवते. बोलावणे ऐकू येईनासे झाले की पेशी बाहेर पडते. मूलभूत संशोधनाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे असावे.

दुसरे उदाहरण अस्सल भारतीय आहे. डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्याचे, म्हणजे कॉर्नियाचे, बाह्य अस्तर सतत नवे होत असते आणि त्याच्या मूलपेशी बुबुळ व पांढरा भाग यांच्या सीमेवरील कड्यात राहतात. डोळ्यात आम्ल किंवा अल्कली गेले तर हे कडे जळते. आपल्या देशात पानाबरोबरच्या चुन्याची पुडी लहान मुलांच्या हातात फुटूनही असे अपघात होतात. मग पडद्यावर पांढरा पापुद्रा चढतो आणि दृष्टी जाते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील वीरेंदर सांगवान, सायन बसू आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक साधी शस्त्रक्रिया मांडली. रुग्णाच्या निरोगी डोळ्याच्या कड्यातून सुमारे २ मिलिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा घ्यायचा, त्याचे ८ ते १० बारीक तुकडे करायचे आणि गर्भवेष्टनाच्या पातळ पडद्यावर ते जखमी डोळ्यावर चिकटवायचे. पूर्वी हेच काम प्रयोगशाळेत पेशी वाढवून करावे लागे. त्याला महागडी व्यवस्था लागे. या पद्धतीने ती गरजच काढून टाकली. मला यातला लक्षणीय भाग असा वाटतो : इथे सुट्या पेशी टोचल्या जात नाहीत. आपल्या मूळ ऊतीच्या चिमुकल्या तुकड्यासह, म्हणजे थोड्या शेजारासह, त्या आपल्याच जातीच्या पृष्ठभागावर लावल्या जातात.

या दोन यशांशेजारी अपयशे ठेवून पाहावीत. भ्रूणमूलपेशी उंदराच्या भ्रूणात घातल्या तर त्या शिस्तीत वाढून उंदराच्या सर्व अवयवांत सामील होतात. त्याच पेशी प्रौढ उंदराच्या कातडीखाली टोचल्या तर केस, कूर्चा, ग्रंथी यांची सरमिसळ असलेली गाठ तयार होते. पेशी तीच, शेजार निराळा. माणसांतही याचे दाखले आहेत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीनुसार, दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेल्या एका मुलाला मॉस्कोत गर्भातील चेतामूलपेशी मेंदूत टोचल्या होत्या. ४ वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी आढळल्या आणि त्या दात्याच्या पेशींच्या होत्या. २०१७ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी ३ वृद्ध महिलांची हकिगत प्रसिद्ध केली. दृष्टिपटलाच्या आजारासाठी फ्लोरिडातील एका क्लिनिकमध्ये त्यांनी पैसे भरून आपल्याच चरबीतून काढलेल्या ‘मूलपेशी’ दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या होत्या. तिघींची दृष्टी गंभीरपणे गेली. पेशी त्यांच्या स्वतःच्या होत्या, म्हणून त्या सुरक्षित असतील असे सांगितले गेले असणार. पण चरबीतल्या पेशीला डोळा परकाच असतो.

आता आपल्या जाहिरातींकडे वळतो. स्वमग्न मुलाच्या आईवडिलांना सांगितले जाते की मुलाच्याच मज्जेतील पेशी काढून त्याच्या पाठीच्या कण्यात किंवा शिरेत सोडू आणि मेंदू सुधारेल. आपली कसोटी लावा. या पेशी राहणार कुठे? मज्जेतील रक्तमूलपेशींचा कोनाडा मेंदूभोवतीच्या द्रवात नाही. शिरेतून सोडलेल्या संयोजी ऊतींच्या पेशींपैकी बऱ्याचशा पहिल्या फेरीतच फुफ्फुसाच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. शिवाय स्वमग्नता म्हणजे मेंदूत काही पेशी कमी पडल्या आणि त्या भरायच्या आहेत, असा आजार नव्हे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेता येतो आणि तो बाजूला सारणे योग्य होणार नाही. काही संशोधक म्हणतात की टोचलेल्या पेशी तिथे राहाव्यात अशी अपेक्षाच नाही. त्या थोडा काळ उपयुक्त रसायने स्रवतात, दाह कमी करतात आणि जातात. हे शक्य आहे. काही आजारांत त्याला आधारही आहे. पण तसे असेल तर तो नूतनीकरणाचा दावा उरत नाही, तो औषधाचा दावा होतो. मग औषधाचे नियम लागू होतात : मात्रा किती, कुणाला, नियंत्रित चाचणीत काय दिसले, अपाय कोणते. हा रस्ता भारतात कुणी चाललेच नाही असेही नाही. पायाचा रक्तपुरवठा गंभीरपणे खुंटलेल्या रुग्णांसाठी बंगळूरच्या एका कंपनीचे असे पेशीजन्य उत्पादन चाचण्यांनंतर २०२० मध्ये राष्ट्रीय औषध नियंत्रकांनी मान्य केले. नियमांचा रस्ता लांब आहे, बंद नाही. जाहिरातदार मात्र गरज पडेल तसा दावा बदलतात. पालकांशी बोलताना पेशी नवा मेंदू घडवतात आणि प्रश्न विचारला की त्या फक्त रसायने स्रवतात.

आपली नियमावली या बाबतीत संदिग्ध नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावात ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत ‘उपचार’ हा शब्द नावातूनच काढून टाकला, कारण रक्तविकारांसाठीचे मूलपेशीरोपण सोडले तर इतरत्र तो शब्द वापरण्याइतका पुरावा नव्हता. २०१७ ची तत्त्वे हीच भूमिका ठेवतात : बाकी सर्व काही मान्यताप्राप्त चाचणीच्या चौकटीतच. २०१९ च्या नव्या औषध नियमांनी मूलपेशीजन्य उत्पादनांना नव्या औषधांत गणले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले. कागद पुरेसा आहे. कमी पडते ती अंमलबजावणी, आणि त्याहून अधिक सामान्य वाचकाची तयारी.

नाळेतील रक्त साठवण्याच्या व्यवसायाबाबतही हेच. नाळेच्या रक्तात रक्तमूलपेशी असतात आणि काही रक्तविकारांत त्यांचा सिद्ध उपयोग आहे. त्यापलीकडची वचने, म्हणजे पुढे कुठलाही आजार झाला तर बाळाच्या पेशी कामी येतील, ही कोनाड्याचा विचार न करता दिलेली वचने आहेत. रक्ताची मूलपेशी रक्ताच्याच कोनाड्यात रुजते, हृदयात किंवा मेंदूत नाही. शिवाय थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक आजारात बाळाच्या स्वतःच्या साठवलेल्या पेशींतही तोच जनुकदोष असतो. म्हणूनच परिषदेची तत्त्वे खासगी साठवणुकीची सरसकट शिफारस करत नाहीत. प्रसूतीच्या आठवड्यात, सर्वांत हळव्या क्षणी, आईवडिलांपुढे हा करार ठेवला जातो आणि नाही म्हटले तर बाळाच्या भवितव्यात कसर केली असे त्यांना वाटावे, अशी त्याची मांडणी असते. मला यात विज्ञानाचा अपमान दिसतो, आणि त्याआधी त्या आईवडिलांचा.

विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली : या क्षेत्रातील मोठे प्रश्न अजून उघडे आहेत आणि ते केवळ जीवशास्त्राचे नाहीत. एका पेशीच्या अंतरात संदेश इतका तीव्रतेने कसा घटतो? मऊपणा पेशीला कळतो तो नेमका कसा? म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचे रक्ताभिसरण जोडले तर म्हाताऱ्या स्नायूंची दुरुस्ती सुधारते, हे २००५ मध्ये दिसले. मग वार्धक्याचा किती वाटा पेशीत आणि किती तिच्या भोवतालात? प्रसरण, यदृच्छ चाल, प्रत्यास्थता हे पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक्रमातले विषय इथे थेट कामाला येतात. दुसरी : कोणतीही जाहिरात किंवा बातमी वाचताना पेशीच्या नावावर थांबू नका. तिचा पत्ता विचारा. ती कुठून काढली, कुठे घातली, तिथे तिला कोण धरून ठेवणार, ती तिथे पोहोचली आणि टिकली हे कुणी मोजले, तुलनेसाठी दुसरा गट होता का. शेवटचा प्रश्न पैशांचा. चाचणी असेल तर रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेणे नीतीला धरून नाही. पैसे घेतले जात असतील तर ते संशोधन नव्हे.

आपल्या कुटुंबात किंवा परिचयात कुणी असा निर्णय घेण्याच्या उंबरठ्यावर असेल तर त्यांना उपदेश करू नका. आजारी मुलाच्या आईवडिलांना आशा सोडा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांच्या बाजूला बसा आणि वरचे प्रश्न एका कागदावर लिहून द्या. ते घेऊन ते डॉक्टरांकडे जाऊ शकतील. जिथे खरे काम चालते तिथे या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळेल, निदान ‘अजून माहीत नाही’ असे सरळ उत्तर तरी मिळेल. जिथे प्रश्नांचा राग येतो, तिथून उठून यावे.